शहर खरंच परिसंस्था असतं का? आधी ड्रममध्ये डोकावून बघ

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव अंबड तालुक्यात, सध्या संभाजीनगरला खोली करून राहतो. जानेवारी ते एप्रिल प्रबंधासाठी मिळणार आहेत. गाईड म्हणतात गौताळ्याच्या अभयारण्यात जा, नाहीतर जायकवाडी धरणावर पक्षी मोज. मला शहराचाच अभ्यास करायचा आहे. पण वर्गात सगळे हसतात. शहर कसली परिसंस्था, ती नुसती बोलायची पद्धत आहे म्हणतात. खरं काय? आणि गाडी नाही, पैसे नाहीत, तर इथं काय करता येईल?"

तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नको. सव्वीस वर्षं तुझ्या वयाच्या पोरांना शिकवण्यात गेली आणि त्यातली बरीचशी नाल्यांच्या काठानं, झाडांखालून, लोकांच्या गच्च्यांवरून हिंडण्यात. अहो-जाहो जमत नाही आता.

परिसंस्था म्हणजे एका जागेतले सगळे जीव आणि त्यांच्या भोवतीचं पाणी, माती, हवा यांचं मिळून चाललेलं रहाटगाडगं. वर्गातले हसतात ते अगदीच चूक नाहीत. शहराच्या बाबतीत ही भाषा सुरू झाली तेव्हा ती खरोखर बोलायची पद्धतच होती. १९२०च्या दशकात शिकागोत रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस हे समाजशास्त्रज्ञ वस्त्या कशा बदलतात ते बघत होते. एका समूहाच्या मोहल्ल्यात दुसरा समूह शिरला की ते त्याला ‘आक्रमण’ म्हणायचे, आणि मोहल्ल्याचं रूप पालटत गेलं की ‘अनुक्रमण’. शब्द वनस्पतिशास्त्रातून उसने आणलेले. त्या सगळ्या लिखाणात शोधायला गेलास तर शहरातलं झाड नाही, मुंगी नाही, नाली नाही.

झाड आणि मुंगी नंतर आली, आणि ती नाइलाजानं आली. १९६१ला बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली आणि पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी कोंडलं गेलं. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना गावाबाहेरच्या रानात सहजी जाता येईना. मग हर्बर्ट सुकॉप आणि त्यांचे सहकारी शहरातल्याच जागांकडे वळले. महायुद्धात पडलेल्या घरांचे ढिगारे, सोडून दिलेली रेल्वे यार्डं, कब्रस्तानं त्यांनी पायाखाली घातली. विटामातीच्या त्या उबदार ढिगाऱ्यांवर दूरदूरच्या उष्ण मुलखातल्या वनस्पती मजेत वाढत होत्या. आपल्या महारुखाचा एक चिनी भाऊबंद तर तिथं असा माजला होता, की आज युरोपात त्याला आवरता आवरत नाही. त्या वनस्पतींना कुणी लावलेलं नव्हतं आणि आसपासच्या रानात त्या तशा एकत्र कुठं सापडतही नव्हत्या. शहरानं स्वतःचा एक समुदाय तयार केला होता. तुझ्याकडे गाडी नाही, त्यांच्याकडे रस्ता नव्हता. एवढं तुझ्या गाईडांना सांग.

‘परिसंस्था’ ही कल्पना मांडणारे आर्थर टान्सली यांनी १९३५च्या त्याच निबंधात लिहून ठेवलंय, की माणसाच्या हातून घडणारे बदल परिस्थितिकीनं, म्हणजे जीव आणि परिसर यांच्या नात्याच्या शास्त्रानं, वगळून चालणार नाही. वगळलं ते नंतरच्यांनी. कारण रानात काम करणं जास्त छान वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या कामाचं. शहराचा अभ्यास कुठून सुरू करायचा? नव्वद टक्के विद्यार्थी बागेतून किंवा तलावातून करतात. सलीम अली सरोवर, हिमायत बाग, विद्यापीठाचा परिसर. पक्ष्यांची यादी करायची, झाडांची यादी करायची, शेवटी ‘जैवविविधता धोक्यात’ असा समारोप. त्या याद्या वाईट नाहीत. हिमायत बागेतल्या जुन्या चिंचांवर धनेश बसतो तो आजही बघायला मी जाते. पण यादी म्हणजे परिसंस्था नव्हे. परिसंस्था समजायची तर आत काय येतं, बाहेर काय जातं आणि मधे ते कुठं थांबतं, हे धरावं लागतं. आणि त्यात सगळ्यात आधी जे सगळ्यात जड आहे ते धरायचं.

एबेल वुल्मन नावाचे अमेरिकी अभियंते होते, आयुष्यभर पिण्याच्या पाण्यावर काम केलेले. १९६५ला त्यांनी दहा लाख वस्तीच्या एका काल्पनिक अमेरिकी शहराचा रोजचा ताळेबंद मांडला. अन्न २,००० टन, इंधन ९,५०० टन आणि पाणी ६,२५,००० टन. म्हणजे शहरात रोज जे येतं त्याच्या वजनातले शंभरात अठ्ठ्याण्णव भाग पाणी. आपल्या शहरात माणशी पाणी अमेरिकेइतकं मिळत नाही, तरी चित्र फार बदलत नाही. म्हणून मी मराठवाड्यातल्या कुठल्याही शहराकडे बघताना आधी विचारते, पाणी कुठून येतं आणि किती दिवसांनी येतं. दुसरा प्रश्न तुझ्या प्रबंधाचा आहे. आधी पहिला.

मलिक अंबरनं १६१०ला खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवली तेव्हा पाणी डोंगराकडून शहराकडे आपल्या पायानं यायचं. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि झाकलेल्या नहरीतून निव्वळ उतारावर गावात आणायचं. पुढं तशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली. आपला खडक बेसॉल्ट. तो स्पंजासारखा पाणी धरत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत असेल तेवढंच पाणी. नहर त्या थरातून झिरपेल तेवढंच घ्यायची, त्यामुळं शहराच्या वाढीला एक मापही होतं.

आज पाणी उलटं, खालून वर येतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे साधारण ४६४ मीटर. आपलं शहर ५७०च्या आसपास. म्हणजे धरण काठोकाठ भरलेलं असतानाही प्रत्येक थेंब शंभर मीटरच्या वर चढवायचा आणि चाळीसेक किलोमीटर आणायचा. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पाइपातलं घर्षण आणि पंपाचा तोटा अजिबात न धरता, पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. खरा खर्च त्याहून कितीतरी अधिक. आणि वापरून झालेलं पाणी? ते फुकट उतरतं. नाल्यांतून खाम नदीत आणि खामेतून परत नाथसागराकडे. ज्या भांड्यातून प्यायचं त्याच भांड्यात खरकटं धुवायचं असा हा प्रकार आहे. खामेवर गेल्या काही वर्षांत चांगलं काम झालंय, काठ मोकळे झालेत, मुलं खेळायला येतात. पण उन्हाळ्यात नदीत जे वाहतं ते कुठून येतं हे बघायचं असेल तर पहाटे साडेसहाला पुलावर उभा राहा. पाणी सुटायच्या दिवशी नदी जास्त वाहते.

लातूरकरांना हे सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात आलं. वर्तमानपत्रांत टँकरच्या रांगांचे फोटो आले. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या वर्षीची लातूरच्या एका नातेवाइकांची मोरी अजून आहे. भांडी घासलेलं पाणी बादलीत, बादलीतलं संडासात. मोरीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं जगलेला केळीचा खुंट वाळून काठी झालेला. त्या केळीखाली एक बेडूक राहायचा असं घरातली पोरं सांगत. पाण्याची वाट बदलली आणि बेडकाचं घर गेलं.

आता दुसरा प्रश्न, किती दिवसांनी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कुठं पाच-सहा दिवसांनी, कुठं आठ, कुठं त्याहून उशिरा. कागदावरचं वेळापत्रक आणि गल्लीतलं वेळापत्रक वेगळं, हे तुला खोली घेतल्यापासून कळलंच असेल. मग लोक काय करतात? साठवतात. निळे ड्रम, सिमेंटचा हौद, रांजण, गच्चीवर सिंटेक्स, न्हाणीत बादल्यांची रांग. सगळ्या शहराचा हिशोब केला तर सलीम अली सरोवराखेरीज दुसरा एक तलाव आपल्या घराघरांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला आहे. त्याला सावली आहे, तो उन्हाळ्यात आटत नाही, त्यात मासे नाहीत. परिस्थितिकी शिकलेल्या माणसाला एवढं वर्णन ऐकूनच कळायला हवं, की इथं कुणीतरी राहायला येणार.

येतो तो एडिस इजिप्ती, डेंग्यूचा डास. याचं मूळ आफ्रिकेतल्या जंगलात, झाडाच्या ढोलीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात. मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाऊस पडला, ढोलीतलं पाणी वर चढलं, अंडी भिजली, की अळी बाहेर. आता आपला हौद डोळ्यांपुढं आण. पाणी आलं त्या दिवशी काठोकाठ. मग रोज चार बोटं खाली. उघड्या पडलेल्या ओल्या भिंतीवर मादी अंडी घालते. आठव्या दिवशी नळ येतो, हौद भरतो, अंडी बुडतात. नळाला पाणी येणं हा त्या डासाच्या लेखी पाऊसच. फरक इतकाच, की खरा पाऊस आपल्याकडे वर्षातले तीन-चार महिने आणि तोही लहरी. हा मात्र बारमाही, बऱ्यापैकी नेमानं येणारा.

हे मी अलंकारानं बोलत नाही. २०२०ला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी आफ्रिकेतल्या ठिकठिकाणच्या एडिस डासांना माणसाचा वास आणि प्राण्याचा वास यांतून निवड करायला लावली. जिथं कोरडा उन्हाळा लांब आणि कडक, तिथले डास माणसाकडे जास्त ओढले गेले. कारण सरळ दिसतं: ढोल्या सुकल्यावर पाणी उरतं ते माणसानं साठवलेलं. ज्या मुलखात माणूस पाणी साठवून जगतो त्या मुलखात या डासाला माणूस सोडून जाणं परवडत नाही. मराठवाड्यात बसून हा निष्कर्ष वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आता त्यातलं घड्याळ बघ. तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. थंडीत हाच प्रवास बराच लांबतो, दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त. म्हणून आरोग्य खातं ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगतं: भांडं रिकामं करा, घासा, वाळवा, मग भरा. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या चोख आहे. पण ज्या घरात पाणीच आठव्या दिवशी येतं, तिथं आठवड्याला हौद रिकामा करणं कसं जमणार? एका बाईंना मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी मला जागच्या जागी गप्प केलं. "हौद घासायचा म्हणल्यावर दोन-तीन घागरी पाणी जातंय की मॅडम. ते कोण देनार, तुमी?" भिंतीला चिकटलेली अंडी नुसतं पाणी ओतून जात नाहीत, ब्रशनं खरवडून धुवावी लागतात, आणि धुवायला पाणी लागतं. ज्याच्याकडे पाणी कमी त्याच्याकडे साठवण जास्त आणि घासणं कमी. शहराची परिसंस्था म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी त्या बाईंचं वाक्य सांगते.

तर तुझा प्रबंध मला असा दिसतो. जानेवारीत पाणी गार, डासाचं घड्याळ मंद. एप्रिलमध्ये पाणी कोमट, घड्याळ वेगवान. उलट नळाला पाणी यायच्या दोन दिवसांमधलं अंतर उन्हाळ्याकडे वाढत जातं. कुठल्या महिन्यात डासाचं घड्याळ नळाच्या घड्याळाच्या पुढं जातं? हा प्रश्न तुझ्या चार महिन्यांत नेमका मावतो, आणि त्याला गाडी लागत नाही.

तीन गल्ल्या निवड, पाण्याचं अंतर वेगवेगळं असलेल्या, पण घरांचा दर्जा शक्यतो सारखा. प्रत्येक गल्लीत दरमहा तीस घरं. प्रत्येक घरात पाण्याचं प्रत्येक भांडं नोंदव: प्रकार, अंदाजे मावणारं पाणी, झाकण आहे का, मागच्या वेळी कधी भरलं, कधी घासलं, पाण्याचं तापमान, अळी आहे का नाही. आणि कोष मोज, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था. हे शेवटचं विसरू नको. अळ्या शेकड्यांनी असतात, बहुतेक मरतात. कोषापर्यंत पोचलेला मात्र बहुधा उडतोच. एका रांजणात दोनशे अळ्या आणि कोष शून्य, शेजारच्या ड्रममध्ये अळ्या तीस आणि कोष बारा, असं असेल तर धोक्याचा कोण ते तूच सांग. प्रचलित निर्देशांक सोपे आहेत: शंभर घरांपैकी किती घरांत अळी, शंभर भांड्यांपैकी किती भांड्यांत, आणि शंभर घरांमागे अळीची भांडी किती. तिन्ही काढ, पण भर कोषांवर दे.

मोजून झालं की अळी तशीच सोडून यायचं नाही. कापडानं गाळून काढ, घरच्यांना दाखव, झाकण कसं बसवायचं ते सांग. मग अर्थातच ते घर पुढच्या महिन्याच्या मोजणीतून बाद, कारण तू त्यात ढवळाढवळ केलीस. म्हणून दर महिन्याला त्याच गल्लीतली नवी तीस घरं घ्यायची. चार महिने, तीन गल्ल्या, ३६० घरं. दमशील, पण होईल. घरात एकटा शिरू नको. वर्गातली एखादी मुलगी किंवा त्या भागातल्या आशाताई सोबत असल्या तर दारं उघडतात. नाहीतर दुपारी अनोळखी पोरगा ‘तुमची न्हाणी बघू का’ म्हणतोय, हे कसं दिसेल त्याचा विचार कर.

एप्रिलमध्ये एक गंमत होईल. हवा इतकी कोरडी असते की बाहेर डास जगणं अवघड. मग तो कूलरमध्ये सापडेल. वाळ्याच्या ओल्या ताट्या, खाली टाकीत आठवड्याचं पाणी, भोवती गारवा. भर उन्हाळ्यात आपण आपल्याच खिडकीला त्याच्यासाठी पावसाळा टांगून ठेवतो. कूलर नोंदवायला विसरलास तर एप्रिलची आकडेवारी फुकट जाईल. आणखी एक: बऱ्याच हौदांत गप्पी मासे असतील. ते खातात अळ्या, पण हौद खरवडून काढायच्या दिवशी त्यांना ठेवायचं कुठं हा प्रश्न येतो आणि हौद घासायचा राहतो. माझ्या बघण्यात असे दोन-चार हौद आहेत. ‘मासे हेच उत्तर’ असं लिहायच्या आधी ते तपास.

डासांचं तुला नको वाटलं तर याच पाण्याचा दुसरा धागा घेता येईल. अमेरिकेत १९९७पासून बाल्टिमोर आणि फिनिक्स या दोन शहरांचा दीर्घकालीन परिसंस्था म्हणून अभ्यास सुरू झाला. फिनिक्स वाळवंटातलं, म्हणून ते आपल्याला जास्त जवळचं. तिथं २००३ला दिसलं, की ज्या वस्तीत उत्पन्न जास्त तिथं झाडाझुडपांच्या जाती जास्त. कोरड्या मुलखात हिरवळ पाण्याच्या मागं जाते आणि पाणी पैशाच्या मागं. इथं ते तसंच्या तसं लागू पडेल असं मला वाटत नाही. बंगल्यांच्या कॉलनीत टँकरच्या पाण्यावर लॉन आणि परदेशी पाम दिसतील, खरं. पण दाट वस्तीत मोरीच्या तोंडाशी बघ: शेवगा, पपई, कढीपत्ता, अळू, तुळस, कधी पेरू. वापरलेल्या पाण्यावर जगणारी, खाण्याच्या उपयोगाची बाग. जाती किती हे मोजलंस तर बंगला जिंकेल. किती जातींवर फुलपाखरानं अंडी घातली आणि किती घरात शिजल्या हे मोजलंस तर कोण जिंकेल ते मी आत्ता सांगणार नाही.

उष्णतेवर बरेच जण प्रबंध करतात आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. शहर भोवतालच्या मुलखापेक्षा तापतं, हे ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी मोजून दाखवलं. तेच इथं डोळे मिटून लावतात. पण एप्रिल-मेमध्ये शहराबाहेर काय असतं? नांगरून उघडी पडलेली काळी रानं. उपग्रहानं दुपारी पृष्ठभागाचं तापमान घेतलं तर ती रानं शहरापेक्षा जास्त तापलेली दिसतात, कारण शहरात निदान झाडांची सावली आणि थोडी ओल आहे. देशातल्या कोरड्या भागातल्या अनेक शहरांत असं आढळलंय. रात्री उलटं होतं: रान झपाट्यानं निवतं, स्लॅब आणि डांबर नाही निवत. म्हणून मोजायचं तर रात्री दहानंतर मोज, आणि उपग्रहाचं पृष्ठभागाचं तापमान आणि आपल्याला लागणारं हवेचं तापमान यांची सरमिसळ करू नको. गुलमंडीतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत आणि नव्या फ्लॅटचा वरचा मजला यांत एकेक थर्मामीटर टांगला तरी लिहायला पुष्कळ सापडेल.

झाडांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर थांबणार नाही. रस्त्याकडेचा गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातला. सावली देतात, दिसतात छान. पण आपल्या फळखाऊ पक्ष्यांच्या पोटाला त्यांचा फारसा आधार नाही. वड, पिंपळ, उंबर यांचं तसं नाही. त्यांच्या प्रत्येक जातीचा परागण करणारा चिलटाएवढा गांधीलमाशीचा भाऊबंद ठरलेला असतो, आणि त्याची साखळी तुटू नये म्हणून परिसरात कुठलं ना कुठलं झाड फळावर असावंच लागतं. त्यामुळं इतर झाडं रिकामी असताना तांबट, हरियल, धनेश, कोकीळ, वटवाघळं, खारी, सगळे तिथं. रस्ता रुंद करताना एक वड जातो आणि बदल्यात काशिदाची पन्नास रोपं लागतात, तेव्हा वर्तमानपत्रात आकडा वाढलेला असतो. शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाबाबतच्या राज्याच्या १९७५च्या कायद्यात २०२१ला सुधारणा झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायची तरतूद आली. तुझ्या गल्लीतल्या वडाचं वय कसं अंदाजायचं हे हवं असेल तर वेगळं विचार.

कचऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या परिसरातल्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचं बरोबरच होतं. वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा उकिरडा त्यांच्या दारात. पण परिस्थितिकीच्या नजरेनं काय झालं? एका जागी पडणारं अन्न एका आठवड्यात शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पसरलं. कुत्री, डुकरं, मोकाट गुरं, घारी, गायबगळे त्याच्या मागं गेले. मी तेव्हा रोज सकाळी एकाच रस्त्यानं चालत जायचे. महिन्याभरात त्या रस्त्यावर कुत्र्यांच्या दोन नव्या टोळ्या वसल्या आणि त्यांनी हद्दी वाटून घेतल्या. पुढं कचरा उचलायची घडी बसली, तरी टोळ्या हटल्या नाहीत. अन्न येण्याची वाट बदलणं सोपं, त्या अन्नावर वाढलेली तोंडं परत फिरवणं अवघड. पूर्वी मेलेल्या जनावराचा फडशा गिधाडं तासाभरात पाडायची. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं ती गेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ला बंदी आली तोवर उशीर झाला होता. ती मोकळी जागा आज बऱ्याच अंशी कुत्र्यांकडे आहे.

आणि कुत्री आहेत तिथं बिबट्या येणार. जुलै २०२४मध्ये आपल्या शहरातल्या उल्कानगरीत तो सीसीटीव्हीत दिसला तेव्हा सगळे म्हणाले, जंगल सोडून शहरात आला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी नगरच्या अकोले तालुक्यात, उसाच्या आणि वस्त्यांच्या मुलखात जे काम केलं त्यात बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. शहराच्या दक्षिणेला आपल्या सातारा गावाचे डोंगर, उत्तरेला जटवाड्याचे डोंगर, मधे नाले आणि नाल्याकाठची वेडी बाभूळ. त्याच्या लेखी ही पायवाट आहे आणि पायवाटेच्या शेवटी जेवण. गौताळ्याला जाऊन त्याचे ठसे शोधण्यापेक्षा नाल्यांचा नकाशा काढलास तर तो कुठून आला असेल ते जास्त नीट कळेल. पण चार महिन्यांचा हा विषय नव्हे, परवानग्यांतच दोन जातील.

गाईडांना पटवायचं कसं? ‘शहरी परिसंस्थेचा अभ्यास’ असलं शीर्षक घेऊन जाऊ नको, ते ऐकूनच त्यांना झोप येईल. ‘पाणीपुरवठ्याचं अंतर आणि एडिस डासाची वाढ’ असं घेऊन जा. सोबत दोन पानी तक्ता ने, आणि तो आधी स्वतःच्या खोलीत भरून ने. तुझ्या न्हाणीतली बादली, मालकांचा हौद, जिन्याखालचा टायर. पहिली अळी बहुधा तिथंच सापडेल.

सामान फार नाही: पांढरी इनॅमलची थाळी, चहाची जुनी गाळणी, लांब दांड्याचा डाव, चांगली बॅटरी, थर्मामीटर, वही. पांढऱ्या थाळीत अळी लगेच दिसते. ड्रममध्ये बॅटरी मारलीस की अळ्या सुळकन तळाला जातात; मिनिटभर अंधारात थांब, परत वर येतील. आणि सगळ्याच्या आधी तुझ्या भागाच्या लाइनमनला गाठ. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी सुटतो, किती वेळ, कुठं पाणी चढत नाही, कुठली जोडणी गळते, हे त्याच्या डोक्यात असतं, कुठल्याच फायलीत नसतं. पहाटे चारला व्हॉल्व्हवर भेटेल. एक-दोन दिवस नुसता त्याच्यामागं फिर, वही खिशातच ठेव. तिसऱ्या दिवशी तोच सांगेल कुठल्या तीन गल्ल्या घ्यायच्या.